सूची खंय आसा?

आमच्या सरांना कुणी नमस्कार केला तर ते आधी त्याच्या हाताकडे बघत. हातात कागद असला की संपलंच. लग्नाची पत्रिका असो, एस.टी.चं वेळापत्रक असो, रेशनकार्डाची झेरॉक्स असो, ते तो ओढून घेणार, हात लांब करून डोळे बारीक करणार आणि विचारणार, "सूची खंय आसा?" कुठे आहे सूची?

सूची म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यात असते ती चौकट. निळा रंग म्हणजे पाणी, तुटक रेघ म्हणजे पायवाट, असं सांगणारी. ती नसेल तर सरांच्या लेखी चित्र खोटं. चुकीचं नव्हे हं, खोटं. चुकीच्या चित्राला ते दहापैकी चार द्यायचे. खोट्याला शून्य.

अठ्ठ्याण्णव साली मी नववीत होतो आणि ते आमचे चित्रकलेचे सर होते. पहिल्याच तासाला म्हणाले, आपलं गाव काढा. मी वर्गात चित्रकलेचा राजा समजला जात होतो, तेव्हा झोकात काढलं. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी, एक होडी. सरांनी वही उचलली. शाळेत ते शुद्ध मराठी बोलायचे, पण चिडले की मालवणी सुटायची.

"सूर्य डोंगरातून वर येताना तू बघितलंस? तुझ्या बापाशीन बघितल्यान? हय डोंगर खंय आसत रे? हय सूर्य पाण्यात बुडता!"

वर्ग खो खो हसला. मला शून्य मिळालं. त्या शून्याचा राग मी बरीच वर्षं सांभाळला, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मी स्वतःला सोडणार नाही असं ठरवलंय.

आमची वाडी म्हणजे मालवणहून देवबागेकडे येताना लागणारा वाळूचा पट्टा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये माड आणि आम्ही. सरांचं घर आमच्यापासून चार घरं सोडून, मालवणच्या बाजूला. जांभा दगडाचं, कौलारू, अंगणात तुळस आणि अंगणापुढे माडांच्या रांगा थेट पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपर्यंत. निवृत्त झाल्यावर ते दिवसभर तिथेच असायचे, हातात ब्रश घेऊन.

माणूस विक्षिप्त होता, यात शंका नाही. कुठलीही गोष्ट नुसती सांगितलेली त्यांना चालत नसे. "आकडो कानात रवणा नाय, डोळ्यात रवता," आकडा कानात राहत नाही, डोळ्यात राहतो, हे त्यांचं पालुपद. एका पंधरा ऑगस्टला त्यांनी कुणालाही न विचारता प्रत्येक वक्त्याच्या भाषणाचा सुंभ तयार केला. मिनिटाला एक हात. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फणसाला सगळे सुंभ ओळीने लटकत होते आणि प्रत्येकाला नावाची चिठ्ठी होती. पाहुण्यांचा गुडघ्यापर्यंत आला. हेडमास्तरांचा जमिनीवर येऊन तीन वेटोळी घालून बसला होता. खाली पुठ्ठ्यावर सूची होतीच, एक हात म्हणजे एक मिनिट. हेडमास्तरांनी सरांना मेमो दिला. पण पुढच्या वर्षी त्यांचं भाषण जमिनीच्या बरंच वर संपलं.

घरात काकींचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, हाल. कुळथाच्या पिठीपासून तिरफळांपर्यंत प्रत्येक डब्यावर सरांनी बाहेरून रेघा मारल्या होत्या. आत किती उरलंय आणि किती दिवस पुरेल ते दाखवणाऱ्या. रोज सकाळी डबा हलवून रेघेवरची खूण सरकवायचे. काकी माझ्यासमोर करवादल्या होत्या, "डोळे आसत माका! डबो उघडल्यार दिसता. तुमची रेघ बघूक मात्र माका चष्मो लागता!"

सर म्हणाले, "तू नसलंस तर?"

"मी नसलंय तर जेवतलात काय, रेघ?"

आणखी एक खोड होती, ती नीट लक्षात ठेवा. परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा बांधला की ते गाठीवरून आडवी लाल रेघ ओढायचे. सुतळीवरून, कागदावरून, एकसंध. गठ्ठा कुणी सोडून परत बांधला तर रेघ जुळत नाही. कुलपापेक्षा हे बरं, म्हणायचे, कुलूप नुसतं अडवतं, रेघ सांगते.

त्यांच्या हातून खरोखर चांगलं काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल नुसता वेडा म्हातारा. शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर त्यांनी एक मोठं चाक रंगवलं होतं. बारा महिन्यांचे बारा आरे, आणि त्यात एकेक मासा वळसा घालून पोहतोय. ज्या महिन्यात जास्त मिळतो तिथे जाड, कमी मिळतो तिथे बारीक, आणि पावसाळ्याच्या बंदीत सगळे मासे पोटात अंडी घेऊन निजलेले. माझी मावशी मासे विकायची. तिला सही करता येत नव्हती. ती डोक्यावरची पाटी तशीच ठेवून त्या चाकासमोर उभी राहिली आणि बराच वेळ बघून म्हणाली, "मास्तरांनू, बांगडो हय इतको जाडो कित्या काढल्यात? आता इतको खंय गावता?"

सर तिथल्या तिथे शिडीवर चढले आणि बांगडा बारीक केला. खाली उतरून मावशीला हात जोडले. सरकारी पत्रकांतले तक्ते वाचून आमच्यातला एकही शिकलेला माणूस कधी असं बोलला नव्हता. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला होता, हेही खरं आहे.

आणि मग समुद्र आत यायला लागला.

तसा तो आधीपासूनच येत होता, पण आता दर पावसाळ्यात उधाणाचं पाणी पुळण ओलांडून माडांत शिरायचं आणि जाताना माडाखालची वाळू घेऊन जायचं. मुळं उघडी पडलेला माड एक-दोन वर्षं तग धरतो, मग आडवा होतो. सगळ्यांत जास्त सरांच्या पुढ्यात पडत होते. धूपप्रतिबंधक बंधारा हवा, म्हणून सरांनी अर्ज केले. किती माड गेले, किती हात जमीन गेली, सगळं आकड्यांत. उत्तर यायचं की आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे. सर म्हणाले, त्यांची चूक नाही, मीच चुकलो. मी आकडे पाठवले, आणि आकड्यावर कारकुनाची मान पडणारच. त्याला दिसेल असं काहीतरी करायला हवं.

म्हणून त्यांनी माडांना कडी रंगवली. दर वर्षीच्या सर्वांत मोठ्या उधाणाला पाणी ज्या ज्या माडापर्यंत पोचलं, त्या माडाच्या खोडावर, जितकं चढलं तितक्या उंचीवर, त्या वर्षाच्या रंगाचं एक कडं. एका वर्षी लाल, पुढच्या वर्षी पिवळं, मग निळं, मग पांढरं. पुढच्या रांगेतल्या माडावर चार कडी, मधल्यावर दोन, घराजवळच्यावर एक किंवा काहीच नाही. रस्त्यावर उभं राहून नुसतं बघितलं की समुद्र कसा एकेक रांग चढून येतोय ते कळायचं. सगळ्यांत पुढच्या माडावर पत्र्याची सूची ठोकलेली होती, कुठला रंग कुठल्या वर्षाचा ते सांगणारी.

गाव काय म्हणालं? "मास्तरान माडांक काकणां भरल्यान!" नारळ पाडायला येणारा पाडेली म्हणाला, आता ओटीपण भरा. मीसुद्धा हसलो. सर उधाणाच्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभे राहून ब्रश चालवत, काकी ओट्यावरून ओरडत, आणि आम्ही छत्र्या घेऊन गंमत बघत.

तोवर पर्यटक यायला लागले होते. मी नोकरीच्या नादाने मुंबईला जाऊन, तोंड पोळून परत आलो होतो आणि घराच्या मागे दोन खोल्या काढल्या होत्या. निवास आणि मासळीचं जेवण. येणारी मंडळी पहिल्यांदा कुठे जायची? सरांच्या माडांत. कसले छान रंग, कसलं कलात्मक गाव! माडाला मिठी मारून फोटो. सूचीकडे पाठ. एक बाई मला म्हणाल्या, "तुमच्याकडे का नाहीत असे? तुम्हीही रंगवा ना!"

मी एका दुपारी माझे माड रंगवले. ऑइलपेंटने, चकचकीत. आमच्या पुढ्यात खडकाची एक जीभ समुद्रात गेलेली आहे, त्यामुळे पाणी आमच्या माडांना कधी शिवलंच नव्हतं. पण फोटोत उठून दिसायला पाहिजे, तर मी प्रत्येक माडाला सात सात कडी काढली. लाल, पिवळं, निळं, पुन्हा लाल. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी सर आले. एका माडापाशी थांबले, बोट ठेवून म्हणाले, "ह्या खंयच्या वर्साचा?"

"कुठल्या वर्षाचं नाही हो, सर. शोभेसाठी."

"आणि ह्या?"

"तेही शोभेसाठी."

अशा सगळ्या माडांपाशी थांबले. माझे पाहुणे बघत होते, मला कानकोंडं झालं. शेवटी म्हणाले, "मगे सूचीत तसा लिव."

मी हसलो. पाहुणेही हसले. सर हसले नाहीत.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. सरांच्या पुढच्या दोन रांगा पडल्या. म्हणजे काय झालं ते लक्षात घ्या. जे माड सगळ्यांत जास्त कडी घालून उभे होते तेच आधी पडले, आणि पत्र्याची सूची घेऊन पडले. जे उरले त्यांच्यावर एक, फार तर दोन कडी होती. सरांनी मग घरात बसून एक मोठा नकाशा काढला. उभा माड म्हणजे भरीव गोल, पडलेला माड म्हणजे पोकळ गोल, आणि पोकळ गोलाभोवतीही त्याची कडी त्या त्या रंगात. खाली सूची. मी तो पाहिला आहे. पोकळ गोल मोजता मोजता मी मध्येच थांबलो, कारण त्यातल्या काही माडांची शहाळी मी लहानपणी प्यायलो होतो.

याच सुमाराला सरांचा अर्ज एकदाचा जागचा हलला. बंधारा मंजूर झाला, पण थोड्याच लांबीचा. सगळ्यांत जास्त धूप जिथे आहे तिथे घालायचा, आणि ती जागा ठरवायला साहेब येणार. कधी येणार ते नक्की नव्हतं. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनची तारीख मिळाली होती आणि कुडाळला मुलीकडे काही दिवस राहावं लागणार होतं. जायच्या आदल्या दिवशी ते नकाशाची गुंडाळी घेऊन माझ्याकडे आले.

"तुका सगळा म्हायत आसा. साहेब इलो तर आधी ह्या उघड आणि सूची दाखव. मगे माड. आधी माड दाखवलंस तर तो मोजूक लागतलो."

माझ्यासमोर सुतळी बांधली, खिशातून पेन काढलं आणि गाठीवरून लाल रेघ ओढली. मी म्हटलं, "सर, माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यार आसा म्हणान तर हय ठेवतंय," ते म्हणाले. "रेघ सवयीची."

साहेब चौथ्या दिवशी आले. जीप, बरोबर एक वही धरणारा. घाईत होते, पुढे आणखी दोन गावं करायची होती. सरांचा अर्ज त्यांच्या फायलीत होता आणि त्यात सरांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, की पाणी किती वेळा आलं ते माडांवरच्या कड्यांवरून दिसेल, कृपया प्रत्यक्ष पाहावे. साहेबांनी प्रत्यक्ष पाहिलं. सरांच्या माडांवर एक, दोन, एक. मग चालत आमच्याकडे आले. वर बघितलं आणि मोजायला लागले.

"सात! अहो, तुमच्याकडे तर भयंकरच आहे परिस्थिती."

वहीवाल्याने लिहून घेतलं. मग ते जेवायला बसले. तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं. गुंडाळी त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर होती. हात वर केला असता तर हाताला लागली असती. मी साहेबांना वाढत होतो आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं, की बंधारा झाला तर बँक पुढच्या दोन खोल्यांना नाही म्हणणार नाही, आणि सर म्हातारे आहेत, मुलगी आहे, कुडाळला घर आहे. माणूस स्वतःची समजूत किती चटकन काढतो हो!

"पाणी कुठपर्यंत येतं इथे?" साहेबांनी विचारलं.

मी खोटं बोललो नाही. मी एवढंच म्हटलं, "साहेब, सोलकढी घेणार आणखी?"

ते वाटी पुढे करत म्हणाले, "झकास झालीय."

सर परत आले तेव्हा एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि माझ्या पुढ्यात काळ्या दगडांचे ट्रक रिकामे होत होते. ते रस्त्यावर उभे राहून एका डोळ्याने बघत राहिले. मग माझ्या ओट्यावर आले.

"सूची दाखवलंस मां?"

"दाखवलंय, सर."

हे मात्र खोटं बोललो. साहेबांशी बोललो नाही ते मास्तरांशी बोललो. त्यांनी हात पुढे केला. मी आत जाऊन गुंडाळी आणली आणि त्यांच्या हातात दिली, आणि देतानाच माझी नजर गाठीवर गेली. सरांनी ती पट्टी नसलेल्या डोळ्याजवळ धरली. गाठीवरून अंगठा फिरवला. लाल रेघ सुतळीवरून, कागदावरून एकसंध गेलेली होती, तसूभरही हललेली नव्हती.

"बरा," ते म्हणाले. बस्स, एवढंच. ओरडले असते, थोबाडीत मारली असती, "मेल्या" म्हटलं असतं तरी चाललं असतं. गुंडाळी काखेत मारून ते चालत गेले, आणि त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

बंधारा झाला. बंधाऱ्याचं एक असतं, तो जिथे संपतो तिथून पाणी वळसा घेतं आणि शेजाऱ्यावर दुप्पट जोराने जातं. मधल्या चार घरांची आवारं अर्धी गेली. सरांचं घर त्या पावसाळ्यात तुकड्यातुकड्याने गेलं. आधी तुळस, मग ओटा, मग पुढची खोली. शेवटच्या उधाणाला सर भिंतीवर कडं काढताना मी लांबून पाहिलं. निम्मी भिंत उरली होती, आणि ते तिच्यावर त्या वर्षाचा रंग नीट, न ओघळू देता लावत होते. मी मदतीला गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

गणपती झाल्यावर कुडाळहून टेम्पो आला. मी मुद्दामच मालवणला बाजाराला निघालो. वाटेत काकी भेटल्या, रेघा मारलेले डबे पोत्यात भरत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुझा घर रवला, बरा झाला रे बाबा." त्यांना काही माहीत नव्हतं. सरांनी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. काकींनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि मला त्या क्षणी समुद्राने नेलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी परत आलो तेव्हा टेम्पो गेलेला होता. माझ्या पहिल्या माडाला, डोळ्यांच्या उंचीवर, पत्र्याची एक चौकट ठोकलेली होती. रंग अजून ओला होता. तीन छोटे चौकोन, पट्टी लावून काढल्यासारखे, आणि त्यांच्यासमोर सरांचं ते वळणदार अक्षर.

सूची. लाल – शोभेसाठी. पिवळा – शोभेसाठी. निळा – शोभेसाठी.

खाली सही नाही, शिवी नाही. आयुष्यभर ज्या तऱ्हेच्या चित्राला शून्य देत आले तसलं माझं चित्र त्यांनी जाता जाता खरं करून दिलं होतं.

सर कुडाळला आहेत. तिथे समुद्र नाही. जावयाच्या विहिरीला आतून रेघा मारल्यात म्हणे. मी गेलेलो नाही. पत्रा काढावा म्हणून दोन-तीनदा पक्कड घेऊन माडापाशी गेलो, आणि पक्कड घेऊन परत आलो.

परवाच पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. बाईंनी माडांचे फोटो काढले, मग पत्र्याजवळ जाऊन मोठ्याने वाचलं आणि खळखळून हसल्या. अशी सूची लावणारा मालक पहिल्यांदाच पाहिला, म्हणाल्या. जेवताना पुन्हा तोच विषय. "किती प्रामाणिक आहात हो तुम्ही!"

माझ्या हातात भांडं होतं. मी विचारलं, "सोलकढी घेणार आणखी?"